गाठीत सापडलेला बदल रक्तात का दिसत नाही?

लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टात क्रोमोसोमचा (गुणसूत्राचा) उल्लेख आला की आमच्याकडे, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारकडे, घरातली माणसं डॉक्टरांना दोन प्रश्न विचारतात. पहिला उपचाराचा, तो सगळ्यांसमोर. दुसरा पेशंटला बाहेर बसवून, आवाज खाली आणून: "हाई मना पोऱ्यासले बी व्हई का?" (हे माझ्या पोरांनाही होईल का?) घरात लग्नाची मुलगी असेल तर फाईल कपाटात कपड्यांखाली जाते आणि पाहुण्यांना 'टीबीची गाठ होती' एवढंच सांगितलं जातं.

ही भीती उगाच आलेली नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या पाड्यांपर्यंत, सिकलसेल हा रक्ताचा आजार लोकांना चांगला ठाऊक आहे. ११ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमधला तो बारीकसा बदल. आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल आजारी, एकाकडूनच आला तर वाहक. लग्नाआधी तपासून घ्या, हे आरोग्य खात्याची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. त्यामुळे रक्तात दोष निघाला म्हणजे तो पुढच्या पिढीत उतरणारच, हे गणित डोक्यात पक्कं बसलंय.

सिकलसेलपुरतं ते गणित बरंचसं बरोबर आहे, तरी वाहकाच्या प्रत्येक मुलात बदल उतरतोच असं नाही. तिथे बदल आईबापाकडून येतो, गर्भाच्या पहिल्या पेशीपासून असतो, म्हणून शरीरभरच्या पेशींत असतो, बीजातही असू शकतो. लिम्फोमाच्या रिपोर्टात जो बदल लिहून येतो त्याची जन्मकथा वेगळी. माणूस चाळीस-पन्नास वर्षांचा झाल्यावर, कधी त्याच्याही कितीतरी आधी, शरीरातल्या एका लिम्फोसाइटमध्ये, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशीत, तो घडतो. ती पेशी वाढते, तिच्या लेकी-नाती त्याच बदलासह जन्मतात. बाकीच्या पेशींना त्याचा पत्ताही नसतो. शुक्राणूत किंवा बीजांडात तो जात नाही, त्यामुळे मुलांपर्यंत पोचायला त्याला रस्ताच नाही.

सख्ख्या भावंडांत, मुलांत लिम्फोमाची जोखीम इतरांपेक्षा थोडी जास्त दिसते, हे खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण मुळात आजारच विरळा, त्यामुळे 'थोडी जास्त' धरूनही बहुतेक कुटुंबांत दुसरा पेशंट निघत नाही. आणि ती जोखीम रिपोर्टातल्या त्या बदलातून उतरत नाही.

आता लिम्फोमा म्हणजे काय ते थोडक्यात. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली लसिका गाठ. मानेत, काखेत, जांघेत, पोटात अशा शेकडो गाठी असतात आणि त्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा मुक्काम असतो. बी आणि टी असे त्यांचे दोन मुख्य प्रकार. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, टी पेशी जंतू शिरलेल्या पेशी मारतात आणि बाकीच्यांना हुकूम देतात. यांपैकी एखादी बेबंद वाढायला लागली की तो लिम्फोमा. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की गंडमाळ, म्हणजे टीबी, हाच विचार आधी येतो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण सुईने चार पेशी ओढून केलेल्या तपासणीत काही स्पष्ट निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांनी गाठ होती तेवढीच किंवा मोठी, असं झालं तर अख्खी गाठ काढून तपासायला हवी. लिम्फोमाचं निदान गाठीच्या बांधणीवरून होतं. सुईत बांधणी येत नाही.

माणसाच्या पेशीत ४६ क्रोमोसोम असतात, २३ जोड्या. हा आकडा शाळेत पाठ होतो, पण तो नक्की ठरला १९५६ साली. त्याआधी पुस्तकांत ४८ छापलं जायचं. प्रत्येक क्रोमोसोम म्हणजे गुंडाळलेला डीएनएचा लांबलचक धागा आणि त्यावर जीन ठरलेल्या जागी बसलेले. कॅन्सरमध्ये कधी एखादा तुकडा गळतो, कधी अख्खा क्रोमोसोम जादा येतो, आणि कधी दोन क्रोमोसोम तुटून एकमेकांचे तुकडे बदलून जोडले जातात. या अदलाबदलीला रिपोर्टात ट्रान्सलोकेशन म्हणतात. लिम्फोमात हीच फार आढळते, आणि तिच्यात १४ नंबरचा क्रोमोसोम पुन्हा पुन्हा भेटतो. १४ आणि १८, ८ आणि १४, ११ आणि १४. हे का, यात खरी मजा आहे.

जगात जंतू अगणित, आणि आपल्याकडे जीन वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक जंतूसाठी वेगळी अँटीबॉडी बनवायला वेगवेगळे जीन ठेवणं शक्यच नाही. मग बी पेशी काय करते, तर अँटीबॉडीच्या जीनचे तुकडे स्वतःच कापते आणि नव्या जुळणीने जोडते. शरीरातल्या बाकीच्या पेशी डीएनए तुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात; लिम्फोसाइट मात्र मुद्दाम तोडतात. ही करामत शोधून काढणारे सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. बी पेशी ही कापाकापी आधी हाडाच्या मगजात करते, आणि मग गाठीत जंतूशी गाठ पडल्यावर आपली अँटीबॉडी आणखी धारदार करायला पुन्हा करते. अँटीबॉडीचा सगळ्यात महत्त्वाचा जीन आहे १४ नंबरच्या क्रोमोसोमच्या टोकाशी. उरलेले दोन २ आणि २२ नंबरवर आहेत. रोज कोट्यवधी पेशींत १४ नंबर कापला जात असेल, तर कधीतरी टोक चुकीच्या ठिकाणी चिकटणारच. नवल वाटायचंच तर हे इतकं कमी वेळा घडतं याचं वाटावं.

चुकीचं चिकटल्याने बिघडतं काय, हे भुसावळचं रेल्वे यार्ड पाहिलेल्याला लगेच कळेल. एका रुळावर इंजिन चालू करून ठेवलंय, त्याला ठरलेला रेक जोडायचाय. शेजारच्या रुळावर एक मालडबा उभा आहे, त्याला आज कुठेच जायचं नाही. शंटिंगमध्ये घोटाळा झाला आणि इंजिनाला तोच डबा लागला. इंजिनात बिघाड नाही, डब्यातही नाही. पण जो उभा राहायचा तो धावायला लागला. बी पेशीत १४ नंबरवरचा अँटीबॉडीचा जीन सदैव जोरात चालू असतो, तो चालू ठेवणारा डीएनएचा भाग हे ते इंजिन. १८ नंबरवरचा बीसीएल२ नावाचा जीन हा डबा.

बीसीएल२ चं काम पेशीला मरू न देणं. गाठीत ज्या बी पेशींची अँटीबॉडी निकामी ठरते त्यांनी मरावं अशी शरीराची योजना असते, म्हणून तिथे हा जीन बंद ठेवलेला असतो. १४-१८ अदलाबदल झालेली पेशी मरायला तयारच होत नाही. ती फार वेगाने वाढते असं नाही, नुसती टिकून राहते आणि साठत जाते. त्यातून फॉलिक्युलर लिम्फोमा होतो, जो बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं रेंगाळतो. पाश्चात्त्य देशांतल्या फॉलिक्युलरच्या पेशंटांत दहापैकी आठ-नऊ जणांत ही अदलाबदल सापडते.

८ नंबरवरचा मिक हा जीन १४ च्या इंजिनाला लागला तर चित्र साफ वेगळं. मिक पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारा जीन. डेनिस बर्किट या सर्जनने १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. पुढे त्याला बर्किट लिम्फोमा म्हणू लागले. १९७२ मध्ये त्या पेशींत १४ नंबरला जादा तुकडा चिकटलेला दिसला, १९७६ मध्ये तो ८ नंबरचा आहे हे कळलं आणि १९८२ मध्ये त्या सांध्यावर मिक सापडला. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, म्हणून तिथे तारीख पुढे ढकलायला जागा नसते. ११-१४ मध्ये सायक्लिन डी१ हा पेशी दुभंगायला लावणारा जीन अडकतो आणि मँटल सेल लिम्फोमा होतो. हॉजकिन नावाच्या वेगळ्या जातीच्या लिम्फोमात असा एकच ठरलेला बदल नाही. शिवाय तिथे गाठीतल्या खऱ्या कॅन्सरपेशी इतक्या थोड्या असतात की बाकीच्या गर्दीतून त्यांचे क्रोमोसोम वेगळे काढणं हेच जिकिरीचं.

आता शीर्षकातला प्रश्न. अमळनेरकडचे एक काका दोन कागद घेऊन आले होते. एकावर गाठीत १४-१८ आहे असं लिहिलेलं, दुसऱ्यावर रक्ताचा कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमची मोजदाद, नॉर्मल. त्यांचं म्हणणं साधं होतं: एक लॅब खोटं बोलते, कोणती ते सांगा. दोन्ही लॅब खऱ्या होत्या. रक्ताच्या कागदावर लिहिलं होतं '४६,एक्सवाय[२०]'. ४६ क्रोमोसोम, पुरुष, आणि चौकटी कंसातला आकडा म्हणजे किती पेशी मोजल्या तो. वीस पेशी पाहिल्या, विसांत गडबड नाही. पण त्या वीस पेशी कोणत्या होत्या?

हे कळायला कॅरिओटाइप कसा करतात ते पाहावं लागेल. क्रोमोसोम दिसतात ते पेशी दुभंगण्याच्या ऐन वेळी, आणि रक्तातल्या लिम्फोसाइट तर निवांत पडलेल्या असतात. म्हणून रक्त हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये घेतात, सीबीसीच्या जांभळ्या टोपणात नाही. त्यात पीएचए नावाचा पदार्थ घालतात, जो राजम्यापासून काढतात. तो लिम्फोसाइटना जागं करून दुभंगायला लावतो. ३७ अंशांवर बहात्तर तास वाढू देतात. मग कोल्चिसिनच्या जातीचं औषध घालून पेशींना नेमकं मधेच थांबवतात. कोल्चिसिन आपल्या सातपुड्यात पावसाळ्यात लाल-पिवळी फुलणाऱ्या कळलावीतही असतं, आणि तिचा कंद जिवावर बेततो तो याच्याचमुळे. पुढे पेशी पातळ क्षाराच्या पाण्यात फुगवतात, ड्रॉपरने थेंब उंचावरून काचेवर टाकतात की पेशी फुटून क्रोमोसोम पसरतात. रंग दिला की काळे-पांढरे पट्टे उठतात, आणि मायक्रोस्कोपशी बसलेला माणूस त्यांच्या जोड्या लावतो.

यातली ग्यानबाची मेख अशी की पीएचए मुख्यतः टी पेशींना जागं करतं, आणि बहुतेक लिम्फोमा असतात बी पेशींचे. काकांच्या रक्तातल्या ज्या वीस पेशी मोजल्या त्या निरोगी टी पेशी होत्या. त्यांच्यात बदल दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय लिम्फोमाच्या पेशी बऱ्याच पेशंटांत गाठीतच बसून राहतात, रक्तात मोजण्याइतक्या उतरतच नाहीत. त्या नॉर्मल रिपोर्टने एक गोष्ट मात्र सांगून टाकली: काकांना जन्मतः मिळालेले क्रोमोसोम ठाकठीक होते. पोरांची काळजी करणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती? पण ती त्यांना कोणी सांगितली नव्हती, उलट दोन कागदांनी घोर लागला. मला विचाराल तर अशा वेळी रक्ताचा कॅरिओटाइप मागवायचीच गरज नव्हती.

गाठीतला बदल पाहायला हल्ली फिश ही तपासणी करतात. गाठीचा तुकडा मेणात बसवून जो ब्लॉक बनतो, त्याचा पातळ काप घेऊन त्यावर चमकणारे रंग लावतात. १४ च्या जागेला एक रंग, १८ च्या जागेला दुसरा. दोन्ही ठिपके चिकटून दिसले म्हणजे जोड झालेली. साधारण २०० पेशी मोजतात. दोन-चार पेशींत ठिपके योगायोगाने जवळ दिसतातच, म्हणून प्रत्येक लॅबची एक मर्यादा ठरलेली असते आणि तिच्याखालचा आकडा निगेटिव्ह धरतात. फिशला जिवंत पेशी लागत नाहीत, हे आपल्याकडे फार उपयोगाचं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना कॅरिओटाइपसाठीचं रक्त कुरिअरने मुंबईला पाठवलं तर पेशी वाटेतच मरतात आणि रिपोर्ट येतो की कल्चर वाढलं नाही. ब्लॉकला उन्हाची एवढी बाधा नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाताना ब्लॉक आणि स्लाइड सोबत आणायला सांगतात ते म्हणूनच. नुसता रिपोर्टचा कागद नेला तर चक्कर वाया जाते.

रक्तातून तपासणी खरोखर कामाची असते ती लिम्फोमाच्या पेशी रक्तात उतरलेल्या असतात तेव्हा. उदाहरणार्थ क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्तात पसरणारा बी पेशींचा कॅन्सर (आणि त्याचंच गाठीतलं रूप), तसंच मँटल सेल, कधी फॉलिक्युलर. तिथे रक्तावर फिश होतं, किंवा बी पेशींना जागं करणारं वेगळं औषध घालून कॅरिओटाइप होतो. क्रॉनिक लिम्फोसायटिकमध्ये चार बदल मुख्यतः शोधतात. १३ नंबरचा तुकडा गळालेला, हा सगळ्यात जास्त सापडतो, आणि एकटाच असेल तर आजार सहसा संथ चालतो. १२ नंबर जादा. ११ चा तुकडा गळालेला. आणि १७ चा आखूड हात, म्हणजे क्रोमोसोमची आखूड बाजू, गळालेला. शेवटचा महत्त्वाचा, कारण त्या हातावर टीपी५३ हा पहारेकरी जीन बसतो. तो गेला की नेहमीची केमो फारशी लागू पडत नाही आणि इब्रुटिनिब, अकॅलाब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्ससारख्या गोळ्यांचा रस्ता धरावा लागतो. हा बदल सुरुवातीला नसून पुढे येऊ शकतो, म्हणून उपचार बदलण्याची वेळ आली की तपासणी नव्याने करतात. दोन वर्षांपूर्वीचा कागद पुढे करून भागत नाही. व्हेनेटोक्लॅक्स हे बीसीएल२ लाच अडवणारं औषध. १४-१८ वाल्या फॉलिक्युलरमध्ये ते सगळ्यात जोरात चालेल असं वाटावं, तर प्रत्यक्षात एकटं दिल्यावर ते क्रॉनिक लिम्फोसायटिकमध्ये जास्त चालतं. शरीर आपल्या तर्काने चालत नाही.

आता उलटी गोष्ट. १४-१८ ची अदलाबदल झालेल्या पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात. अतिसूक्ष्म तपासणी केली तर जवळपास निम्म्या निरोगी प्रौढांत, लाखात एखादी अशा प्रमाणात. वयाबरोबर त्या वाढतात, आणि यांतल्या बहुसंख्य लोकांना जन्मात लिम्फोमा होत नाही. म्हणजे एक अदलाबदल पुरत नाही. त्या पेशीत आणखी बिघाड व्हावे लागतात. युरोपात शेकडो निरोगी लोकांचं साठवून ठेवलेलं रक्त २०१४ मध्ये पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा असं दिसलं की ज्यांच्यात अशा पेशी दहा हजारांत एकाहून जास्त होत्या त्यांच्यात पुढे फॉलिक्युलर लिम्फोमा निघण्याची शक्यता वीस पटींहून अधिक होती, आणि ही खूण निदानाच्या कित्येक वर्षं आधीची होती. तरी ही तपासणी कुणी हौसेने करून घेऊ नये. आकडा जास्त निघाला तर त्यावर द्यायला औषध नाही, नुसती झोप उडेल.

कपाशी आणि केळीच्या मुलखात आणखी एक अभ्यास सांगायलाच हवा. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तात १४-१८ वाल्या पेशी जास्त आढळल्या आणि वर्षांगणिक त्या वाढत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक नॉन-हॉजकिन (हॉजकिन सोडून बाकीच्या) लिम्फोमाचं कारण असल्याचं ठरवलं. मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि तणनाशक ग्लायफोसेट यांना 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. फवारणी केली म्हणूनच अमक्याला लिम्फोमा झाला, असं एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून पंप मारणं आणि त्याच हाताने तंबाखू मळणं थांबवायला एवढी माहिती पुरेशी आहे.

रक्तातल्या क्रोमोसोम बदलांचा तिसरा प्रकार उपचारातून येतो, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात. केमोची बरीच औषधं आणि शेक, म्हणजे रेडिएशन, डीएनए तोडूनच काम करतात. त्या तडाख्यात निरोगी लिम्फोसाइटही सापडतात. उपचारानंतर रक्त तपासलं तर क्रोमोसोम तुटलेले, दोन मध्यबिंदू असलेले, अंगठीसारखे वळलेले दिसू शकतात. हॉजकिनच्या काही पेशंटांत तर उपचाराआधीही अशी मोडतोड नेहमीपेक्षा जास्त आढळलेली आहे. हा लिम्फोमा उलटल्याचा पुरावा नाही. ओळखायची खूण सोपी आहे: उपचाराची मोडतोड प्रत्येक पेशीत वेगळी असते, कॅन्सरची मोडतोड सगळ्या पेशींत एकसारखी. म्हणून तोच बदल निदान दोन पेशींत दिसल्याशिवाय, आणि एखादा क्रोमोसोम गायब असेल तर निदान तीन पेशींत दिसल्याशिवाय, लॅब त्याला कॅन्सरचा वंश मानत नाही. वीसपैकी एका पेशीत काही दिसलं, एवढ्यावरून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज नसते.

मुलांचा प्रश्न इथे पुन्हा येतो, पण निराळ्या कारणाने. केमो चालू असताना शुक्राणू आणि बीजांडांनाही इजा होते, म्हणून उपचारात आणि नंतर डॉक्टर सांगतील तितका काळ मूल होऊ द्यायचं नाही. तरुण पेशंटने पहिल्या केमोआधीच शुक्राणू किंवा बीजांडं जपून ठेवण्याबद्दल विचारावं. लाजेपोटी हे विचारलं जात नाही आणि नंतर हात चोळत बसावं लागतं.

उपचारातून होणारं एक दुखणं मात्र खरोखर गंभीर आहे, फार थोड्यांना होत असलं तरी. सायक्लोफॉस्फामाइडच्या गटातल्या औषधांनी मगजातल्या मूळ पेशींत ५ किंवा ७ नंबरचा क्रोमोसोम गळाला तर साधारण पाच ते सात वर्षांनी नवाच रक्ताचा कॅन्सर उभा राहू शकतो. इटोपोसाइडच्या गटातल्या औषधांनी ११ नंबर तुटला तर तो लवकर येतो, एक ते तीन वर्षांत. हॉजकिनसाठी आधी मॉप नावाचा औषधांचा संच दिला जायचा, त्यात हा धोका जास्त होता. मिलानच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात आणलेल्या एबीव्हीडी या संचाने तो बराच कमी केला आणि वंध्यत्वही. तरीही लिम्फोमातून बऱ्या झालेल्या माणसाने वर्षातून निदान एकदा सीबीसी करावी. गावातल्या लॅबमध्ये ती होते. त्यात हिमोग्लोबिन, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कारण नसताना उतरत चालल्या असतील तर 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिकवर भागवू नये. जुनी फाईल, कोणती केमो किती वेळा झाली तो कागद, हे सगळं घेऊन रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे जावं. अशा वेळी ते मगजाचा कॅरिओटाइप सांगतील, आणि त्यात ५ आणि ७ नंबर शाबूत आहेत का, हे आधी पाहिलं जाईल.